चवली-पावलीचा डबा

दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं खिशातली मोड टेबलावर ओतली. त्यातली पाच सेंटची नाणी, ज्यांना तिथं ‘निकेल’ म्हणतात, तेवढी मी बाजूला काढली. एक होतं १९६४ चं. ‘‘मामा, याचे तिथं पाच सेंटच येतात हं!’’ भाचा हसून म्हणाला. मला त्याचं बोलणं आवडलं. कारण आपल्याकडे जुनं नाणं निघालं की पहिला प्रश्न, किती लाख येतील?

हा प्रश्न अलीकडे फारच बोकाळला आहे. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो रुपये न्या, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आधी मात्र ‘नोंदणी शुल्क’ भरायचं! आपण असले व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. तरीही आमच्या ओळखीतले एक निवृत्त, चांगले शिकलेले गृहस्थ फसलेच.

माझं म्हणणं असं, की नाणी जमवायचीच तर साधी जमवावीत. जी सगळ्यांच्या हातून गेली, ती. दुसऱ्या महायुद्धात निकेल युद्धसामग्रीला हवं होतं. अमेरिकेनं १९४२ ते ४५ या काळात आपल्या ‘निकेल’मधून निकेलच काढून टाकलं आणि ३५ टक्के चांदी घातली. त्याच वर्षांत आपला पांढरा आणा पितळेसारखा पिवळा झाला आणि १९४३ मध्ये पैशाला भोक पडलं. तो भोकाचा पैसा आजही थोडक्या रुपयांत मिळतो. महायुद्ध मुलांच्या तळहातावर ठेवायला आणखी काय हवं?

घरात चुंबक असेल तर आणखी एक गंमत. १९५७ साली दशमान पद्धत आली, तेव्हाचं पंचवीस नव्या पैशांचं नाणं शुद्ध निकेलचं, चटकन चिकटतं. सत्तरच्या दशकातली पावली तांबं-निकेलची, ती ढिम्म हलत नाही. ३० जून २०११ नंतर ती चलनातूनही गेली.

नाशिककरांनी तरी साध्या नाण्यांना हिणवू नये. १९०६ साली जवळच्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, दिसायला जवळजवळ सारखी. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा उमटवला होता. नहपानाचा पाडाव इतक्या ठसठशीतपणे कळला तो या ढिगामुळे. चांगली दहा ठेवून बाकीची कोणी आटवली असती तर?

पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा शिलालेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवले. वर्षाचे झाले २४०. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा! हिशेब आजही चोख जुळतो. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय मुलांना एकदा जरूर दाखवा.

नाणी चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, मोल जातं ते तिथंच. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात ठेवा आणि कोणाकडून मिळालं ते वर लिहा. हे लिहिणं महत्त्वाचं. वडिलांच्या डब्यात शे-दीडशे नाणी होती. ते गेल्यावर घर आवरताना मी तो डबा धातूच्या भावानं देऊन टाकला. पहिल्या पगारातली अधेली त्यांनी त्यातच जपून ठेवली होती, हे आईनं नंतर सांगितलं.

निघताना भाच्यानं १९६४ चं ते निकेल मला दिलं. पाकिटावर त्याच्याच हातानं तारीख लिहून घेतली.