वाड्यात पाहुणा उतरणार कधी?

विशेष प्रतिनिधी, नाशिक

नाशिकला येणारा पाहुणा आज तीन ठिकाणी उतरतो. देवदर्शनाला आलेला पंचवटीतील धर्मशाळेत, भक्तनिवासात किंवा लॉजवर. कामानिमित्त आलेला महामार्गालगतच्या हॉटेलात. आणि शनिवार-रविवार साजरा करण्यासाठी मुंबई-पुण्याहून येणारा नवा पर्यटक गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांशेजारच्या रिसॉर्टमध्ये. ज्या गावामुळे नाशिकला नाशिक म्हणायचे ते सराफ बाजार, तिवंधा, तांबट आळी, भद्रकालीचे जुने गावठाण या तिघांच्याही मुक्कामाच्या यादीत नाही. तेथे फार तर तासाभराची फेरी होते, एखाद्या कोरीव सागवानी खांबाचे छायाचित्र निघते, चिवड्याचा पुडा घेतला जातो आणि गाडी परत फिरते.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, घाट, पूल आणि साधुग्रामची चर्चा शहरात सुरू आहे. जुन्या वाड्यांचे काय, हा प्रश्न या चर्चेत अधूनमधून डोकावतो आणि 'हेरिटेज हॉटेल करा' या एका वाक्यावर सोडून दिला जातो. सूचना आकर्षक आहे. पण ती इतकी सोपी असती, तर आजवर एकामागून एक वाडे जमीनदोस्त झालेच नसते.

प्रस्तुत प्रतिनिधीला काही काळापूर्वी पणजीच्या फोंतेन्हास भागातील अशाच एका छोट्या जुन्या हॉटेलात दोन रात्री राहण्याचा योग आला. आल्तिन्हो टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेली ही पोर्तुगीजकालीन वस्ती. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरे, रस्त्यावर उघडणारे लहान सज्जे. खोली मोठी नव्हती. लाकडी जमीन पावलागणिक कुरकुरत होती आणि पहाटे पाववाल्याच्या भोंग्याने जाग आली. मात्र त्या दोन रात्रींत ती वस्ती जितकी कळली, तितकी आधीच्या चार-पाच धावत्या फेऱ्यांत कळली नव्हती. खिडकीखालून शाळेत जाणारी मुले, समोरच्या घरातील म्हाताऱ्या बाईंचे कुंड्यांना पाणी घालणे, चॅपेलची घंटा हे सारे केवळ फिरायला येणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

तेथील 'पणजिम इन' हे हॉटेल गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सुरू झाले. पुढे त्याच व्यवस्थापनाने शेजारची आणखी दोन घरे घेतली. त्यांतील 'पौसादा' हे आतल्या चौकाभोवती बांधलेले हिंदू कुटुंबाचे जुने घर, तर 'पीपल्स'च्या इमारतीत एकेकाळी शाळा भरत असे. म्हणजे राजवाडा नव्हे, गढी नव्हे, तर मध्यमवर्गीय वस्तीतील साधी घरे. नाशिकच्या वाड्यांशी तुलना करायची तर ती जाधवगडसारख्या सरदारी गढीच्या हॉटेलाशी किंवा सावंतवाडीच्या राजवाड्याशी न करता या घरांशीच करायला हवी.

यजमानी जुनीच

वाड्यात परका माणूस पैसे देऊन राहतो ही कल्पना नाशिकला नवी नाही, हे येथे आवर्जून नमूद करावे लागेल. रेल्वे आल्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला, तेव्हाही मुक्कामाची मुख्य सोय तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांतच होती. गाव कोणते, आडनाव काय, मूळ कुठले, एवढे विचारले की त्या घराण्याचे उपाध्ये कोण ते ठरे. मग त्यांच्याच वाड्यात माडीवर किंवा ओसरीवर पथारी पडे. स्नान, श्राद्ध, भोजन, मुक्काम हे सारे एकाच छपराखाली. निघताना उपाध्यायांच्या वहीत सही होई आणि आजोबा-पणजोबांची सही त्याच वहीत मागे सापडे. या नामावळ्या आजही अनेक घराण्यांनी जपून ठेवल्या आहेत. वह्या राहिल्या, यजमानीचा धर्मविधीचा भागही राहिला. मुक्काम तेवढा धर्मशाळा आणि लॉजकडे गेला. वाड्याला जे उत्पन्न मिळे, त्यातला मोठा वाटा असा हातचा गेला.

वाड्याची रचनाही या कामाला सोयीची होती. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक आल्या-गेल्यासाठी, मागचा चौक घरच्यांसाठी. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी सांगाडा, विटा-चुन्याच्या भिंती, वर कौले. उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागावी अशी ही व्यवस्था. नाशिकचे वैशिष्ट्य म्हणजे दर्शनी भागातील लाकडी कोरीवकाम. त्यात गुजरातच्या शेजाराची छाप दिसते. सराफ बाजारालगतचा सरकारवाडा हा या परंपरेतील सर्वांत मोठा नमुना. पेशवाईतला हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने टिकला. खासगी वाड्यांना ते भाग्य नाही.

एक वाडा, बारा वारस

आता थोडा हिशेब. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निकषांनुसार १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूला हेरिटेज हॉटेलचा दर्जा मिळू शकतो आणि त्यासाठी किमान पाच खोल्या लागतात. समजा, एखाद्या वाड्यात अशा पाच खोल्या झाल्या. रात्रीचा दर तीन हजार रुपये धरला आणि वर्षातील निम्म्या रात्री खोल्या भरल्या, तर वर्षाची जमा साधारण सव्वासत्तावीस लाख रुपये होते. नोकरांचे पगार, वीज, कर, धुलाई, कमिशन आणि वाड्याची नित्याची डागडुजी वजा जाता त्यातला एक तृतीयांश हाती राहिला, तर नऊ लाख. एका कुटुंबाला हे उत्पन्न वाईट नाही. परंतु जुन्या नाशकातील वाडा एका कुटुंबाचा क्वचितच असतो. सात-बारा, प्रॉपर्टी कार्डावर तीन-चार पिढ्यांची नावे चढलेली असतात. कोणी पुण्यात, कोणी अमेरिकेत. बारा वारस धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी पंचाहत्तर हजार रुपये येतात. त्यापूर्वी दुरुस्तीसाठी खिशातून काही लाख घालावे लागणार ते वेगळेच. दुसरीकडे बिल्डर एकेका वारसाला रोकड किंवा सदनिका देऊ करतो. अशा वेळी कोणता वारस हॉटेलला होकार देईल?

यातच भाडेकरूंचा प्रश्न मिसळला आहे. वाड्यातील निम्म्याहून अधिक खोल्यांत पन्नास-साठ वर्षांपासून राहणारी कुटुंबे आणि तळमजल्यावर तितकीच जुनी दुकाने, हे चित्र गावठाणात सर्रास दिसते. महिन्याचे भाडे अनेकदा शंभर रुपयांच्या आत. त्या भाड्यात मालक कौलेही शाकारत नाही आणि भाडेकरू परक्याच्या मालमत्तेवर खर्च करत नाही. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा बजावते. नोटीस मिळाली तरी भाडेकरू हलत नाही. वाडा एकदा उतरवला की परत जागा मिळेल याचा भरवसा त्याला नसतो. मालकालाही वाडा आपोआप पडला तर सोयीचेच वाटते, अशी शंका गावठाणात उघडपणे बोलली जाते. ती प्रत्येक वेळी खरी नसेल. पण नोटीस आणि दुरुस्ती यांच्यामध्ये कोणीच उभे नाही, हे मात्र खरे. ऑगस्ट २०१८ मध्ये जुन्या तांबट आळीतील वाडा कोसळून दोघांचा जीव गेला. दर पावसाळ्यात कुठली ना कुठली भिंत पडते, पंचनामा होतो आणि पुढच्या वर्षी नव्या नोटिसा निघतात.

म्हणूनच वाड्याच्या हॉटेलची स्वप्ने पाहताना एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. भाडेकरूला वाऱ्यावर सोडून रिकामा केलेला वाडा पर्यटकाला कितीही देखणा वाटला, तरी तो वारसा जपणे नव्हे. तांबट गेले, उपाध्ये गेले, शिंपी गेला आणि उरलेल्या कोरीव खांबांखाली कॉफी मिळू लागली, तर पाहुण्याने तेथे उतरून पाहायचे काय? फोंतेन्हासमध्येही अलीकडच्या काळात हीच तक्रार ऐकू येते. घरासमोर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या गर्दीला रहिवासी कंटाळले आहेत. वस्ती जिवंत असणे हेच तिचे आकर्षण आणि त्या आकर्षणाचाच वस्तीला जाच. हे दुखणे नाशिकच्या वाट्याला यायला अजून अवकाश आहे. आपला आजार नेमका उलटा, येथे पाहुणा थांबतच नाही.

पूररेषा आणि बंब

वारस आणि भाडेकरू यांचे जमले, तरी पुढे गोदावरी आहे. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या तोंडी आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तर सर्वांच्या डोळ्यांदेखतचे. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पुराची उंची सांगतात. सराफ बाजारातील दुकानदार तेवढ्यावरून माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही ते ठरवतात. २००८ च्या पुरानंतर नदीकाठी पूररेषा आखण्यात आल्या. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होत नाही आणि जुन्याच्या पुनर्बांधणीवरही अटी येतात. हे योग्यच आहे. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की या पट्ट्यात पाडून बांधण्यापेक्षा आहे ते दुरुस्त करून वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. जोत्यावरचा मजला दुकानाला, मुक्काम वर, ही जुनी विभागणी पुरातही चालत आली आहे.

अग्निसुरक्षेचा मुद्दा अधिक अवघड. लाकडी सांगाडा, अरुंद बोळ आणि वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मुक्कामाच्या जागेला ना हरकत दाखला हवा. बंब आत शिरूच शकत नाही अशा गल्लीत तो मिळणार कसा? येथे कायदा वाकवण्याची भाषा करणे धोक्याचे आहे. परंतु पाण्याची स्वतंत्र टाकी, गल्लीत ठरावीक अंतरावर नळजोड, दुचाकीवरील अग्निशमन पथक, खोल्यांची कमाल संख्या असे उपाय करता येतात. महापालिकेने मनावर घेतले तर ही कामे सिंहस्थाच्या मोठ्या खर्चापुढे किरकोळ ठरावीत.

याबाबत अहमदाबादकडे पाहणे उपयोगाचे होईल. तेथील पोळांमधील घरे आपल्या वाड्यांसारखीच लाकडी सांगाड्याची, दाटीची, अनेक वारसांची. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. देशातील तो पहिला मान. पण त्याआधी कित्येक वर्षे महापालिका घरांच्या याद्या करीत होती, सकाळच्या वारसा फेऱ्या चालवीत होती. खाडियातील 'फ्रेंच हवेली'सारखी मोजक्या खोल्यांची निवासस्थाने त्यातूनच उभी राहिली. गुजरात सरकारनेही २०२० मध्ये वारसा पर्यटनाचे धोरण आणून १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंना हॉटेल, संग्रहालय यांसाठी दरवाजे उघडले.

महाराष्ट्रात साधने नाहीत असे नाही. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. यादीतील वास्तूच्या मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने, म्हणजे टीडीआरने मिळू शकतो. बारा वारसांचे कोडे सोडवायला हे साधन हॉटेलपेक्षाही उपयोगी आहे. टीडीआर विकून आलेले पैसे बाहेरगावच्या वारसांना द्यावेत आणि नाशिकमध्ये राहणाऱ्याने वाडा सांभाळावा, असा मार्ग निघू शकतो. गाडे अडते ते यादीपाशी. यादीत नाव आले की जागेची किंमत संपली, असा मालकांचा समज आहे. त्यात गावठाणासाठी वाढीव चटईक्षेत्राची क्लस्टर योजना येणार, या आशेवर अनेकजण थांबले आहेत. थांबलेल्या वाड्यावर कोणी चुन्याचा हात फिरवत नाही.

जाता जाता देवळालीचा उल्लेख करायला हवा, कारण नाशिकजवळचे खरे वसाहतकालीन गाव तेच. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सोजिरांमुळे या गावाचे नाव वेडसरपणाचा शब्द म्हणून इंग्रजीत गेले. पुढे पारशी आणि गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी बंगले आणि सॅनेटोरियम बांधली. तेथे जुन्या वास्तूत राहण्याची सवय कधी मोडली नाही. पण कॅन्टोन्मेंटमधील जमीन बहुतांशी सरकारी पट्ट्याची, त्यामुळे वापर बदलायचा तर परवानगीचे दिव्य आहेच.

जुन्या नाशकापुरते बोलायचे तर सुरुवात हॉटेलने होऊ नये. मालक स्वतः राहतो, वारसांत वाद नाही, नळ-मोरीची सोय मागच्या बाजूने स्वतंत्रपणे करता येते, असे चार-पाच वाडे निवडून त्यांत दोन-तीन खोल्यांची निवास-न्याहारी व्यवस्था करणे अधिक व्यवहार्य आहे. त्यासाठी सरकारी योजना आहेत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि जुने लाकूड ओळखणारे सुतार मात्र शोधावे लागतील. सिमेंटचा गिलावा लावून ओल कोंडलेल्या भिंती गावठाणात पावलोपावली दिसतात. आणि सिंहस्थाची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून यात पैसे घालू नयेत. पर्वणीचे दिवस मोजकेच असतात, त्यानंतर पुन्हा बारा वर्षांची प्रतीक्षा. वाड्याला हवा तो पाहुणा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणारा, दोन रात्री राहणारा, सकाळी रामकुंडावर चालत जाऊन परतताना तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ऐकत थांबणारा. तो आज गंगापूर रोडवर उतरतो आहे. दरम्यान, पुढच्या पावसाळ्याच्या नोटिसांसाठी गावठाणातील वाड्यांची पाहणी नेहमीप्रमाणे मे महिन्यापर्यंत आटोपलेली असेल. त्याच पाहणीत 'पाडण्यायोग्य'बरोबर 'दुरुस्तीयोग्य' असा दुसरा रकाना घालायला महापालिकेला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.