समुद्रयान: मॉडेल चाचणीत पास झालं, म्हणजे पाणबुडी सुरक्षित झाली का?

'समुद्रयान'ची बातमी आली की मोबाईलवर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे 'चाचणी यशस्वी' असं ठळक हेडिंग. दुसरी म्हणजे कुणीतरी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या मॉडेलचं रील. दोन्ही बघून आपण लगेच विचारतो, "मग माणसं कधी जाणार?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की चाचणी नेमकी कशाची झाली?

आधी ओळख करून घेऊ. सबमर्सिबल म्हटलं की आपल्याला विहिरीतली मोटर आठवते. इथली सबमर्सिबल म्हणजे संशोधनासाठी खोल जाणारी छोटी पाणबुडी. ती जहाजावरून पाण्यात सोडतात आणि काम झालं की पुन्हा जहाजावर उचलून घेतात. आपली 'मत्स्य-६०००' चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होतेय. ती ज्या 'डीप ओशन मिशन'चा भाग आहे, त्याला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. तीन माणसांना ६,००० मीटर खोल न्यायचं हे तिचं काम. माणसं बसतात तो टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा आतून २.१ मीटर व्यासाचा आहे आणि त्याची भिंत ८० मिलीमीटर जाड आहे.

६,००० मीटरवर दाब साधारण ६०० वातावरणं इतका असतो. म्हणजे काय, तर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर एक धष्टपुष्ट म्हैस उभी!

मॉडेल लहान, म्हणून दाबही कमी?

मी सध्या घरी मत्स्यचं १:२० मॉडेल बनवतोय. त्यात २.१ मीटरचा गोळा साडेदहा सेंटीमीटरचा होतो, सोललेल्या नारळाएवढा. ८० मिलीमीटरची भिंत होते ४ मिलीमीटर. हे ऐकल्यावर एका मित्राने विचारलं, "मॉडेल वीसपट लहान, मग ३०० मीटरवर टिकलं तर खरी पाणबुडी ६,००० मीटरवर टिकणारच ना?"

हिशोब सरळ वाटतो, पण चूक आहे. गोळ्याच्या भिंतीत किती ताण येतो याचं साधं सूत्र असं: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. मॉडेलमध्ये त्रिज्या वीसपट कमी झाली, तशी जाडीही वीसपट कमी झाली. दोघांचं गुणोत्तर तेच राहिलं. म्हणून तेवढाच ताण यायला दाबही तेवढाच लागतो. ६,००० मीटरला खऱ्या गोळ्याच्या भिंतीत साधारण ४०० मेगापास्कल ताण येतो. नारळाएवढ्या गोळ्यालाही पूर्ण ६०० वातावरणांचाच दाब द्यावा लागेल, तेव्हा कुठे ४०० येईल. म्हणून अशा चाचण्या खास दाब-टाकीत होतात. माझं प्लास्टिकचं मॉडेल घरच्या पिंपात तरंगलं काय नि बुडलं काय, त्यावरून गोळ्याच्या ताकदीबद्दल काहीच कळत नाही.

मग घरचं मॉडेल बिनकामाचं का? तसं नाही. पाण्याची घनता पिंपातही जवळपास तीच असते. त्यामुळे वजन कुठे ठेवलं तर मॉडेल सरळ राहतं आणि कुठे ठेवलं तर कलंडतं, हे त्यातून छान कळतं. तोल समजतो, ताकद नाही.

टायटनच्या मॉडेलने काय सांगितलं होतं?

१८ जून २०२३ ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली 'टायटन' दाबाने आत चिरडली गेली. पाच जण गेले. तिचा मधला भाग कार्बन फायबरचा होता आणि आकाराने गोळा नव्हे, नळकांडं होता.

ओशनगेट या कंपनीने आधी मॉडेल्स बनवली होती, तीही एक-तृतीयांश आकाराची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दाब-टाकीत ती तपासली. त्यातली काही ठरवलेला दाब गाठण्याआधीच फुटली. कंपनीने काही बदल केले, पण माणसं नेण्याचा बेत थांबला नाही. स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणपत्रही घेतलं नाही. अमेरिकी तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात म्हटलं की हा अपघात टाळता आला असता.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: मॉडेल फुटलं तर ते अपयश नाही, ते स्वस्तात मिळालेलं उत्तर आहे. टाकीत फुटलं तर पैसे जातात, समुद्रात फुटलं तर माणसं.

आणि मॉडेल पास झालं असतं तरी प्रश्न उरतोच. धाग्यांचा एकेक थर काही वीसपट पातळ करता येत नाही, त्यामुळे मोठ्या भिंतीत थर वाढतात. थर वाढले की सुरकुत्या आणि पोकळ्या राहण्याची शक्यता वाढते. टायटनच्या अवशेषांत असे दोष सापडलेही. धातूतही वेल्डिंगचा प्रश्न आहेच. ४ मिलीमीटर जोडणं वेगळं आणि ८० मिलीमीटर जोडणं वेगळं.

मत्स्यची बातमी कशी वाचायची?

ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात साध्या पोलादाचा गोळा ६०० मीटरपर्यंत तपासला. आकार खरा, धातू वेगळा, खोली कमी. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात पाण्यातल्या चाचण्या झाल्या. तिथे पाणी उथळ, तपासली ती यंत्रणा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय जलयात्री फ्रान्सच्या 'नॉटिल'मधून अटलांटिकमध्ये ५,००२ मीटरपर्यंत गेले. हा माणसांचा सराव झाला, आपल्या टायटॅनियम गोळ्याची परीक्षा नव्हे.

या सगळ्या पायऱ्या गरजेच्या आहेत, आणि एकेक करून चढणं हीच योग्य पद्धत आहे. पण एका पायरीची बातमी शेवटच्या पायरीची म्हणून फॉरवर्ड करू नका. पुढच्या वेळी 'चाचणी यशस्वी' दिसलं की तीन गोष्टी शोधा: वस्तू खऱ्या आकाराची आणि खऱ्या धातूची होती का? दाब किती दिला, आणि कितीदा? निकाल बाहेरच्या कुणी तपासला का?

प्रकल्पाची तारीख पुढे गेली की "कधीचं चाललंय" असं म्हणायचा मोह होतो. पण त्या गोळ्यात तीन माणसं बसणार आहेत. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायला आणखी एक वर्ष लागलं, तर मी तरी ते वर्ष वाया गेलं असं म्हणणार नाही.