श्रीगणेशा परक्या भाषेत

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिराने. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाराला त्या दिवशी आंब्याच्या पानांचे तोरण असते. पहिलीत दाखल झालेल्या मुलांना ओवाळले जाते, हाती फूल आणि नवी पाठ्यपुस्तके दिली जातात, दुपारच्या खिचडीबरोबर काहीतरी गोड असते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एका रडणाऱ्या आणि एका हसणाऱ्या मुलाचे छायाचित्र येते. तिसऱ्या दिवसापासून त्या मुलांचे वर्गात काय होते, याची मात्र कधीच बातमी होत नाही. शिक्षणावर अग्रलेख लिहिणाऱ्यांना दहावीचा निकाल दिसतो, अभियांत्रिकीचे प्रवेश दिसतात. पहिलीच्या पहिल्या महिन्याकडे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आणि जे बिघडायचे ते बहुधा तेथेच बिघडून गेलेले असते.

शहरातील एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. मूल पाच-सहा वर्षांचे. घरी आजी आहे, ती मराठीत गोष्ट सांगते. आई मराठीत रागावते, मराठीत समजूत घालते. या मुलाला रुसणे, फुगणे, गमतीने खोटे बोलणे, हट्ट करणे, शंभर प्रश्न विचारून घरच्यांना जेरीस आणणे हे सारे मराठीत उत्तम येते. वर्गाचे दार ओलांडले की ही सारी मिळकत बाहेर चपलांच्या फडताळात ठेवावी लागते. लघुशंकेला जायचे असले तरी 'मे आय गो टु टॉयलेट' हे घोकलेले वाक्य आठवावे लागते. न आठवल्यास चड्डी ओली होते आणि वर्ग हसतो. ज्या वयात मुलाने आवाज चढवून बोलायचे, त्या वयात ते गप्प राहावयास शिकते. पालकसभेत बाई सांगतात, 'तुमचा मुलगा फार शांत आहे.' आईबापांना ती स्तुती वाटते!

या शांततेची किंमत पुढे दहा वर्षे मोजावी लागते. देवनागरी लिपीत अक्षर आणि ध्वनी यांची सांगड जवळजवळ पक्की आहे. 'ग म भ न'पासून आरंभ करून अक्षरे आणि बाराखडी हाती आली, की मूल दुकानाची पाटी वाचते, एस.टी.वरील गावाचे नाव वाचते आणि जे वाचले ते त्याला कळते, कारण तो शब्द त्याच्या कानावरून आधीच गेलेला असतो. वाचन म्हणजे अर्थ सापडणे, हा शोध त्याला स्वतःचा स्वतः लागतो. इंग्रजी स्पेलिंगचे तसे नाही. तेथे अक्षराचे नाव एक, उच्चार दुसरा, आणि शब्द बदलला की तिसरा. हे ओझे इंग्रज मूलही वाहते, पण त्याला निदान शब्द ओळखीचा असतो. पुण्या-नाशिकच्या मुलाला लिपीही नवी, शब्दही नवा आणि त्या शब्दाने दाखवलेली वस्तूही पुष्कळदा न पाहिलेली. तो अर्थावाचून वाचावयास शिकतो. अशी मुले चौथी-पाचवीत खडाखडा वाचतात. काय वाचले ते विचारले की छताकडे पाहतात.

हे सांगण्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागलेली नाही. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात, शक्य असेल तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली. त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीच्या आरंभीचे तीन महिने खेळ, गाणी, चित्रे, मोजणे आणि गप्पा यांसाठी राखून ठेवण्यास सांगितले. २०२१ च्या जुलैत 'विद्याप्रवेश' या नावाने तो उपक्रम देशभर सुरू झाला. महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मूल एका पायावर उभे राहते का, मणी ओवते का, चित्र पाहून चार वाक्ये बोलते का, हे आईच्या समोर पाहिले जाते आणि उन्हाळ्यात घरी काय करून घ्यावे ते तिला सांगितले जाते. विनोद असा, की हे सारे ज्या सरकारी शाळेत घडते तिला 'मागास' म्हणायचे आणि पहिल्या आठवड्यात चार वह्या भरून घेणाऱ्या शाळेला 'दर्जेदार'.

वह्यांचा विषय निघालाच आहे, तर तो जरा पुरता पाहावा. बालकाच्या मनगटातील आठ चिमुकली हाडे जन्माच्या वेळी कूर्चेच्या रूपात असतात. ती एकामागून एक कठीण होत जातात आणि हे काम दहाव्या वर्षाच्या आगेमागे चालू राहते. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे जूनमध्ये वर्गात बसलेले मूल साडेपाच वर्षांचेही असू शकते. त्या हातात पेन्सिल देऊन दोन रेघांत, एकमेकांना जोडलेली इंग्रजी अक्षरे पानभर काढून घ्यावयाची, आणि तीही नर्सरीपासून, याला शिक्षण म्हणावे की वेठ? जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धुळाक्षरे गिरवीत असे. पाटावर बारीक धूळ पसरून त्यात बोट फिरवायचे. चुकले तर हाताने पुसायचे. 'ओम् नमः सिद्धम्'चा 'ओनामा' झाला तो याच धुळीत. विजयादशमीला एकच्या आकड्यांनी पाटीवर सरस्वती रेखाटणाऱ्या मुलालाही आधी आडवी-उभी रेघ, मग आकार, मग अक्षर असाच क्रम लाभत होता. (पंतोजींची छडी कोणी परत मागत नाही, ती गेली ते उत्तमच झाले.) १९३९ मध्ये भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतही मूल आधी खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवते, मग लिहिते. आज गल्लोगल्ली 'माँटेसरी' नावाच्या पाट्या दिसतात. आत चार वर्षांच्या मुलांना गृहपाठ असतो.

गृहपाठ कोणाच्या सांगण्यावरून? १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने प्राथमिक वर्गांतील मुलांना घरी पाठ्यपुस्तकी अभ्यास देऊ नये, असे सांगितले. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा आदेश दिला, त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तसे कळवले आणि २०२० च्या दप्तर धोरणात तेच पुन्हा लिहिले गेले. प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाने बंदी आहे. यांपैकी एकही गोष्ट गुप्त नाही. तरीही चाचणी होते, तिला आता 'संवाद' म्हणतात. गृहपाठ असतो, त्याला 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. शाळा हे का करू शकते? पालक मागतात म्हणून. वही कोरी आली तर फी फुकट गेली असे वाटणारा पालकच या व्यापाराचा खरा भांडवलदार आहे.

दर काही वर्षांनी जूनमध्ये महाराष्ट्राला प्राथमिक शाळेची आठवण येते, पण ती भांडणापुरती. २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय आला. अनेक शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण त्या विरोधाला पालकांचे बळ मिळाले नाही. उलट उशीर झाला अशी हळहळ ऐकू आली. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून गदारोळ झाला. 'एकाहत्तर'ऐवजी 'सत्तर एक' असेही म्हणता येईल, या सूचनेची विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत टवाळी झाली. कै. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणिती विदुषीने, जोडाक्षरी संख्यानामांपाशी मुले अडखळतात म्हणून ही सोय आहे, असे शांतपणे समजावून पाहिले. सूचना पटो वा न पटो, तिचा विचार मुलाच्या बाजूने झालेला होता. टवाळी करणाऱ्या कित्येकांची नातवंडे मात्र 'सेव्हंटी वन' म्हणत होती, आणि एकाहत्तर म्हणजे किती हे त्यांना विचारावे लागत होते!

२०२५ चे भांडण तर अजून ताजे आहे. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आली, १७ जूनला त्यात फेरबदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. पहिलीच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, हा आक्षेप रास्तच होता. पण तोच न्याय लावायचा तर दुसऱ्या भाषेचे काय? हिंदीच्या एका तासाने ज्यांची मराठी धोक्यात आली, त्यांना सहा तासांच्या इंग्रजीने काहीच होत नव्हते काय? ज्या दिवसांत हा वाद पेटला होता, त्याच दिवसांत लक्षावधी मुले प्रथमच शाळेच्या बाकावर बसत होती. तिसरी भाषा कोणती, यावर राज्य हमरीतुमरीवर आले. पहिली भाषा मुलाला कशी शिकवली जाते, हे कोणी विचारले नाही. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. ते पेढे खाणाऱ्या घरांतील किती मुलांना बाराखडी पूर्ण येते?

मराठीच्या अभिमान्यांनी आणखी एक कटू गोष्ट ऐकून घ्यावयास हवी. पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठी हीसुद्धा अनेकांना परकी असते. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला बाईंनी चारचौघांत 'पाणी म्हण' असे दटावले, की ते पाणी मागणेच सोडते. कोरकू, भिली, गोंडी, वारली बोलणाऱ्या वनवासी मुलांसमोर तर पाठ्यपुस्तकातील मराठी हा इंग्रजीइतकाच उंच डोंगर असतो. हे ज्यांनी ओळखले त्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात बालशिक्षणाचे धडे गिरवलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, ही 'अंगणवाडी'ची कल्पना तेथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. दगड, बिया, पाने, शिंपले हे साहित्य. मुलांची बोली हा आरंभ. अनुताई वाघ यांनी ते व्रत अखेरपर्यंत चालवले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांचे 'सृजन आनंद' उभे राहिले तेही याच श्रद्धेवर, की मूल जे घेऊन येते तेथून शिकवावे. ही सारी परंपरा मराठी भूमीत, मराठी भाषेत, विशेषतः स्त्रियांनी उभी केली. आणि मराठी मध्यमवर्ग फिनलंडच्या शाळांच्या चित्रफिती एकमेकांना पाठवतो!

सरकारचे दोषही लपवण्याजोगे नाहीत. जून-जुलैत, जेव्हा पहिलीच्या शिक्षकाने मुलांबरोबर जमिनीवर बसायला हवे, तेव्हा तो ऑनलाइन माहिती भरीत, आधारमधील चुका जुळवीत बसलेला असतो. एका शिक्षकाकडे दोन-दोन, कोठे चार-चार वर्ग. पहिलीच्या मुलाला गोष्ट सांगावी तर चौथीचा फळा रिकामा राहतो. पट घटला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की उरलेले पालकही मूल काढून नेतात. पण हे चक्र प्रथम कोणी फिरवले? गावातील मजुराने नव्हे. ज्यांच्या शब्दाला गावात वजन होते, त्या शिक्षकाने, वकिलाने, सोसायटीच्या सचिवाने, ग्रामसेवकाने आपले मूल तालुक्याच्या पिवळ्या बसमध्ये बसवले. मजूर त्यांच्या मागून गेला. वजनदार माणसांची मुले ज्या शाळेत नाहीत, त्या शाळेचे गळके छप्पर दुरुस्त होत नाही, हा साधा व्यवहार आहे.

या साप्ताहिकाच्या वाचकांची घरे याला अपवाद आहेत, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणावर बौद्धिक देणारे, सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द दिले म्हणून अभिमानाने सांगणारे किती कार्यकर्ते आपल्या नातवाची वही उघडतात? मराठी शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी वार, दिनांक, पट, हजर असे लिहिले जाते. सावरकरांचा तो शब्द तेथे खडूने रोज जिवंत होतो. नातवाच्या वहीत वर उजव्या कोपऱ्यात 'डेट' असते. मराठी शाळेच्या संमेलनाला अध्यक्ष म्हणून जाणे आणि तिच्या दाखल-नोंदवहीत घरातल्या मुलाचे नाव घालणे, यांत फार अंतर आहे. बहुसंख्य भाषणे अलीकडच्या तीरावरच होतात.

'पुढे नोकरी इंग्रजीतच आहे' हे उत्तर ठरलेले आहे. इंग्रजी उत्तम यावी, याविषयी वाद नाही. प्रश्न क्रमाचा आहे. एका भाषेत विचार करता येणारे मूल दुसरी भाषा वेगाने उचलते. कोणत्याच भाषेत धड विचार करू न शकणारे मूल मुलाखतीत पाठ केलेली वाक्ये म्हणते. आज पन्नाशी-साठीत असलेले डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांपैकी असंख्य जण पाचवीत एबीसीडी शिकलेले आहेत. त्यांनी परदेशांत शोधनिबंध वाचले, कोणाचे अडले नाही. त्यांनाच आपल्या मुलांविषयी इतका अविश्वास का वाटला, हे त्यांनीच सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या खटल्यात निर्णय दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही. ती निवड पालकांची आहे. म्हणजे सरकारने सक्ती केली नाही ही तक्रारही करण्याची सोय उरलेली नाही. निवड घरात, जेवणाच्या टेबलाभोवती होते. नामांकित इंग्रजी शाळांचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे सुटतात आणि मूल तीन वर्षांचे होण्याआधीच त्यांसाठी पहाटे रांगा लागतात. घराजवळच्या मराठी शाळेचे शिक्षक एप्रिल-मेच्या उन्हात पट टिकवण्यासाठी दारोदार फिरतात. या वर्षीही ते येतील. दार उघडल्यावर त्यांना पाणी देऊन, 'आमच्या मुलाचे झाले आहे' असे सांगून वाटेला लावायचे, की आत बसवून शाळेविषयी चार प्रश्न विचारायचे, हे ठरवायला अजून अवधी आहे.