चिल्काहून खडकवासल्याकडे: अर्ध्या वाटेवरचा प्रश्न

गेल्या रविवारी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा ओडिशातून फोन आला. पोरगा नौदलात अग्निवीर म्हणून लागलाय, आयएनएस चिल्कावर ट्रेनिंग सुरू आहे. सलाम-दुआ झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, एनडीएचा फॉर्म भरू का? अब्बू म्हणतात, लागलेली नोकरी सोडून कशाला वेडेपणा करतोस?"

अब्बूंचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात पहिल्यांदाच महिन्याला ठरलेली रक्कम येते, तिथे भीती वाटणारच. पण पोराचाही प्रश्न खरा आहे. म्हणून तो नीट मांडून पाहू.

अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. नौदलाची पहिली तुकडी मार्च 2023 मध्ये चिल्कातून बाहेर पडली, सुमारे 2600 जण आणि त्यांत 273 मुली. नोकरी चार वर्षांची. नंतर जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, बाकीचे सेवा निधी घेऊन घरी. पहिल्या वर्षी पगार 30 हजार, त्यातले 30 टक्के सेवा निधीत जातात, हातात 21 हजार. म्हणजे अब्बू जिला 'पक्की नोकरी' म्हणतात, ती तेवढी पक्की नाही. हे आपल्या मोहल्ल्यात कुणी नीट सांगत नाही.

आता दुसरी बाजू. एनडीएला वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून होता येतं. म्हणजे बारावीनंतर लगेच भरती झालेल्या पोराकडे एखाद-दुसरा चान्स उरलेला असतो. सेवेत असताना परीक्षा देता येते, पण वरिष्ठांना लेखी कळवून, रीतसर. चोरून फॉर्म भरायचा नाही. लष्करात शिस्तीचा डाग पुढे फार नडतो.

पैशांचा हिशेब मात्र घरात आधीच व्हायला हवा. अग्निवीराने स्वतःच्या विनंतीवरून चार वर्षांआधी नोकरी सोडली, तर त्याचा स्वतःचा जमा हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. खडकवासल्याच्या तीन वर्षांत राहणं-शिक्षण सरकारचं, पण पगार नाही. नौदलाचा कॅडेट पुढे केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत जातो. 56,100 रुपयांचा स्टायपेंड तिथल्या शेवटच्या टप्प्यात. घर त्या 21 हजारांवर चालत असेल तर ही तीन वर्षं जड जातात. अब्बूंची चिंता इथे खरी आहे आणि पोराने तिच्यावर आधी बोलायला हवं.

आणि परीक्षा? गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600, त्यांत इंग्रजीच 200. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत. आमच्या उर्दू शाळेत पोरं 'मुसल्लस' शिकतात, शेजारच्या मराठी शाळेत 'त्रिकोण', आणि पेपरात समोर येतो 'ट्रायअँगल'. पोराला गणित येत असतं, शब्द येत नाही! आम्ही आता आठवीपासून फळ्यावर तिन्ही शब्द लिहितो. लेखी झाली की पाच दिवसांची एसएसबी, तिथे चारचौघांत बोलावं लागतं. तिचे 900 गुण, म्हणजे लेखीएवढेच. आपली हुशार पोरं इथेच मागे पडतात, कारण घरात-शाळेत गप्प बसण्यालाच अदब समजतात.

एनडीएचं वय निघून गेलं तरी सगळं संपत नाही. लष्कराचं आर्मी कॅडेट कॉलेज हे जवानांतूनच अधिकारी घडवण्यासाठी आहे. नौदल आणि हवाई दलातले जवानही तिथे येऊ शकतात. 1977 मध्ये डेहराडूनला जाण्याआधी हे कॉलेज आपल्या पुण्यातच होतं. पदवी झाली की सीडीएसचा रस्ताही आहे. अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी आहे, तिच्यात ट्रेनिंगचेही क्रेडिट धरले जातात. फॉर्म वेळेत भरायला हवा, एवढंच.

खलाशी आणि अधिकारी यांच्यातली भिंत जुनी आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी खराब जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यावरूनच संप पुकारला. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा जहाजावर होते. जहाज चालवणारे पुष्कळ, हुकूम देणारे थोडे. सैन्य धर्मनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही, म्हणून टक्केवारीची भांडणं आम्ही करणार नाही. आमचं मोजमाप साधं आहे: आमच्या शाळेतून दरवर्षी किती पोरं एनडीएचा फॉर्म भरतात?

लहान भावंडं असलेल्या घरांनी आणखी आधी हालचाल करावी. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्थेत राज्य सरकार मुलांची एनडीएची तयारी करून घेतं. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. मे 2025 मध्ये एनडीएतून पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या, तेव्हा 'मुलीची जात' हे कारणही आता पुरत नाही.

त्या पोराला आम्ही सांगितलं, वरिष्ठांना अर्ज दे, जुन्या प्रश्नपत्रिका आम्ही पाठवतो. फोन परत रविवारीच येईल. त्याआधी अस्रनंतर त्याच्या अब्बूंकडे चहाला जायचं ठरवलंय, 21 हजारांचा हिशेब कागदावर लिहून.