आधी बिघाड शोधा, मग किट बसवा

डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांत अजून काही पेट्रोल जीप चालतात. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातल्या. पुष्कळांनी मूळ इंजिन काढून डिझेल टाकलं. ज्यांनी जपलं, त्यांच्या गाड्या पावसाळ्यात टोचन करून तलासरीला माझ्या गॅरेजात येतात. हल्ली मालक गाडीतून उतरायच्या आधीच सांगतात, "पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक किट टाका."

किट चांगलंच आहे, मी स्वतः बसवतो. पण बिघाड न शोधता बसवलेलं किट म्हणजे पैसे पाण्यात.

मी आधी प्लगची वायर काढून ब्लॉकजवळ धरतो आणि सेल्फ मारायला सांगतो. ठिणगी निळी, कडकडीत पडली तर इग्निशनला हात लावायचा नाही, पेट्रोलकडे वळायचं. पिवळी, मरतुकडी पडली तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडायची. आमच्याकडची हवा खारी आणि दमट. कॅपच्या आत ओल धरते, आणि उजेडात तिरकी धरली की केसाएवढी काळी रेघ दिसते. करंट प्लगपर्यंत न जाता त्या रेघेवरून बॉडीत उतरतो. अशा कॅपखाली कितीही महागडं किट बसवा, पहिल्या पावसात गाडी पुन्हा मिसिंग करणार. मग अर्थची पट्टी, कॉइलपाशी पोहोचणारे व्होल्ट, आणि कंडेन्सर. पॉइंटवरच जोराची ठिणगी उडत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो.

या इंजिनाला पॉइंटची गॅप ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी गॅप मिटत जाते आणि टायमिंग मागे पडतं. शाफ्टचा बुश झिजला असेल तर चारही सिलिंडरना गॅप वेगवेगळी मिळते. फीलर गेज घेऊन दिवसभर बसलात तरी ती जुळत नाही. इथे किटचा खरा उपयोग आहे. किटमध्ये पॉइंटच्या जागी सेन्सर असतो. त्यात घासणारं काही नाही, त्यामुळे थोडी झीज तो सांभाळून घेतो. मात्र गाडी ६ व्होल्टची की १२ची आणि बॅटरीचं कोणतं टोक अर्थला आहे, हे बघूनच किट घ्यावं. उलटं जोडलं की जळालंच. इंजिन बंद ठेवून स्विच चालू राहिला तरी कॉइल आणि किट तापून खराब होऊ शकतात. आणि सेन्सर हायवेवर बंद पडला तर पॉइंटसारखा पॉलिश पेपरने घासून चालू होत नाही. म्हणून काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर गाडीतच ठेवा, असं मी प्रत्येकाला बजावतो.

आता सरकारकडे मागणं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. मग कॅपखालचा सेन्सर फेरफार की दुरुस्ती? मालक या शंकेपायी एकतर किट टाळतात, नाहीतर बसवून लपवतात. माझ्या मते ती सरळ दुरुस्ती आहे. ब्लॉक, हेड, कार्बोरेटर यांना धक्का लागत नाही, आणि मूळ प्लेट पुन्हा जागेवर बसवता येते. परिवहन खात्याने एवढं एका ओळीच्या परिपत्रकात स्पष्ट करावं.