फळाचे नाव, सोन्याचे गाव

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष मुलखात १८९३ साली पॅडी हॅनन व त्याच्या दोन सोबत्यांना सोने लागले, आणि लोक त्या वस्तीस ‘हॅनन्स’ म्हणू लागले. म्हणे, हॅननने गाव शोधले! अहो, तेथे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. रानवेलीच्या एका फळावरून त्यांनी त्या जागेला नावही दिले होते. तेच पुढे ‘कालगुर्ली’ होऊन नकाशावर चढले. याला औदार्य म्हणावे काय? मुळीच नाही! नाव राखले, जमीन बळकावली. हमरस्ता हॅननचा, पुतळाही हॅननचा. फळाची चव जाणणारे मात्र गावकुसाबाहेर लोटले गेले. वाचकहो, लक्ष्मीपूजनाला सोने पुजताना एवढे ध्यानात धरा : सोने सापडते, गाव सापडत नाही, ते आधीपासूनच कुणाचे तरी असते.