नारिंगाच्या झाडाची साक्ष

व्हॅलेन्सियाचे नाव निघाले की संत्र्यांच्या बागा डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि त्या अरबांनी लावल्या हे विधानही पाठोपाठ येते. स्पेनच्या मध्ययुगाचा हा सोयीस्कर सारांश प्रवासवर्णनाला शोभतो. इतिहासाला तो पुरत नाही.

अरबांच्या राजवटीत लिंबू व कडू नारिंग स्पेनमध्ये रुजले, हे खरे. नारिंगाचे स्पॅनिश नाव अरबी 'नारंज'वरून आले, ते फारसी 'नारंग'वरून, आणि त्याचे मूळ संस्कृत 'नारंग' शब्दापर्यंत पोचते. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वामने रचलेल्या कृषिग्रंथात या झाडांच्या लागवडीचे विवेचन आहे. परंतु गोड संत्रे युरोपात पसरले ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि व्हॅलेन्सियात त्याची व्यापारी लागवड सुरू झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. अरबी व्हॅलेन्सिया १२३८ साली आरागॉनच्या पहिल्या जाउमे राजाने जिंकले होते. म्हणजे आजच्या बागा आणि अरब सत्ता यांच्यामध्ये सुमारे साडेपाचशे वर्षे उभी आहेत.

मग वारसा कोणता? त्याचे उत्तर फळात नव्हे, पाण्यात सापडते. अमेरिकन इतिहासकार थॉमस ग्लिक यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मध्ययुगीन व्हॅलेन्सियातील सिंचनाचा अभ्यास मांडला. राजांच्या विजयगाथांऐवजी कालव्यांचा कारभार, पाण्यावरचे तंटे आणि दंडाच्या नोंदी त्यांनी वाचल्या. जेत्या राजाने पाणी मुसलमानांच्या काळातील वहिवाटीनेच वाटावे असे ठरविले होते. राज्य बदलले, धर्म बदलला, जमिनीचे मालक बदलले. पण पाण्याची पाळी मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. कालव्याला आजही तेथे 'असेकिया' म्हणतात, आणि तो शब्द अरबी आहे. व्हॅलेन्सियाच्या कॅथिड्रलच्या दाराशी दर गुरुवारी शेतकऱ्यांची पाणी-न्यायसभा बसते. तोंडी सुनावणी करून ती तेथल्या तेथे निकाल देते. २००९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तथापि १९६० मध्ये तिची सहस्राब्दी साजरी झाली, तेव्हा दहाव्या शतकातील स्थापनेचा कोणताही समकालीन लेख हाती नव्हता. कौतुक रास्त असले तरी ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

या चिकित्सेची निकड स्पेनला विशेष होती. स्पेनची घडण ख्रिस्ती, मुसलमान व ज्यू यांच्या सहजीवनातून झाली, असे आमेरिको कास्त्रो यांनी १९४८ साली मांडले. स्पॅनिश स्वत्व त्याहून प्राचीन आहे, असा प्रतिवाद सांचेस-आल्बोर्नोस यांनी १९५६ मध्ये केला. हा वाद विद्वानांचा असला, तरी त्यामागे जिव्हारी लागणारी स्मृती होती. बाप्तिस्मा स्वीकारलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, मोरिस्कोंना, १६०९ साली व्हॅलेन्सियातून हद्दपार करण्यात आले. त्या राज्याची सुमारे एक तृतीयांश प्रजा त्यामुळे नाहीशी झाली. पूर्वजांचे श्रम वापरावयाचे आणि वंशजांना परके ठरवावयाचे, असा हा व्यवहार होता.

म्हणूनच या संशोधनाचे मोल केवळ बागाइतीपुरते नाही. सर्व श्रेय एका समाजाला देणारा अभिमान आणि त्याचे श्रेय साफ नाकारणारा द्वेष, दोन्ही नोंदी न वाचताच बोलतात. ज्याचे ऋण जेवढे, तेवढेच मोजून मान्य करणे ही इतिहासकाराची तटस्थता तर आहेच. हद्दपार झालेल्यांना उशिरा का होईना मिळणारा न्यायही तोच आहे.